वनौषधींच्या रसायनशास्त्रातील अध्वर्यू : डॉ. असिमा चटर्जी

भारतातील विज्ञान संशोधनाच्या इतिहासात काही 'पहिलेपणे' एकाच व्यक्तीच्या नावावर जमा आहेत. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला, इंडियन सायन्स काँग्रेसच्या सर्वसाधारण अध्यक्षपदी निवडून आलेल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ आणि भारतीय विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला म्हणून ज्यांचा उल्लेख केला जातो, त्या म्हणजे कोलकात्याच्या रसायनशास्त्रज्ञ डॉ. असिमा चटर्जी. मात्र, केवळ या मानसन्मानांच्या यादीतून त्यांच्या कामाचे मोल कळत नाही. सर्पगंधा, सातवीण, बेल, सदाफुली यांसारख्या परिचित वनस्पतींमध्ये नेमकी कोणती द्रव्ये आहेत, त्यांच्या रेणूंची रचना कशी आहे आणि त्यांचा औषध म्हणून उपयोग होऊ शकतो का, या तीन प्रश्नांचा पाठपुरावा त्यांनी सहा दशके केला. तोही अशा काळात, जेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत साधी विद्रावके मिळणेही कठीण होते.

२२ नोव्हेंबर २००६ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे कोलकात्यात निधन झाले. विद्यापीठीय संशोधन, विज्ञानविषयक सार्वजनिक व्यासपीठ आणि संसद या तिन्ही ठिकाणी वावरलेल्या या विदुषीच्या कारकिर्दीचा हा आढावा.

जडणघडण

असिमा मुखर्जी यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कोलकात्यात (तेव्हाचे कलकत्ता) झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी हे व्यवसायाने डॉक्टर; पण त्यांना वनस्पतिशास्त्राची मनापासून आवड होती. औषधी वनस्पतींविषयीचे कुतूहल असिमा यांच्यात आले ते वडिलांकडूनच. आई कमलादेवी. दोन भावंडांत असिमा थोरल्या. मुलीने शिकावे, यासाठी घरातून प्रोत्साहन होते. विज्ञानाबरोबरच त्यांनी शास्त्रीय कंठसंगीताचेही रीतसर शिक्षण घेतले होते.

शालेय शिक्षण बेथून शाळेत झाल्यानंतर त्यांनी पुढे स्कॉटिश चर्च कॉलेजमध्ये रसायनशास्त्र हा विषय घेतला आणि १९३६ मध्ये त्या ऑनर्ससह पदवीधर झाल्या. त्या काळात बंगालमध्ये स्त्रीशिक्षणाची परंपरा रुजू लागली असली, तरी प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहून काम करण्याच्या विषयाकडे वळणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९३८ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले.

संशोधनासाठी त्यांना प्रा. प्रफुल्लकुमार बोस यांचे मार्गदर्शन लाभले. भारतीय वनस्पतींमधील रासायनिक द्रव्यांचा अभ्यास हे बोस यांचे क्षेत्र. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी कलकत्ता विद्यापीठात घडवलेली रसायनशास्त्राची परंपरा आणि प्रा. सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचा स्नेह यांचाही असिमा यांच्यावर खोल परिणाम झाला. संशोधन हे देशाच्या गरजांशी जोडलेले असावे आणि विज्ञान मातृभाषेतून सांगितले जावे, हे दोन्ही विचार याच परंपरेतून आले आहेत.

१९४० मध्ये त्यांना नागार्जुन पारितोषिक मिळाले, तर १९४२ मध्ये त्या 'प्रेमचंद रायचंद स्कॉलर' ठरल्या. या शिष्यवृत्तीचा मुंबईशी थेट संबंध आहे. मुंबईचे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी एकोणिसाव्या शतकात कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर उभा राहिला, तोही याच प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. १९४४ मध्ये असिमा यांना कलकत्ता विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी प्रदान केली.

येथे एक संदर्भ लक्षात घेण्यासारखा आहे. असिमा यांच्या काही वर्षे आधी, १९३३ मध्ये, मुंबईच्या कमला भागवत (नंतरच्या कमला सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता व मोठ्या आग्रहानंतर सशर्त प्रवेश मिळाला होता. सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. असिमा चटर्जी यांची डॉक्टरेट मात्र संपूर्णतः भारतीय विद्यापीठात, भारतीय मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि भारतीय वनस्पतींवर झालेल्या कामाची होती. या दोन उदाहरणांवरून त्या पिढीतील स्त्री-संशोधकांपुढचे मार्ग किती अरुंद होते, याची कल्पना येते.

परदेशातील तीन वर्षे

१९४० मध्ये कलकत्त्यातील लेडी ब्रेबोर्न कॉलेज या महिला महाविद्यालयात रसायनशास्त्र विभाग सुरू करण्याची जबाबदारी असिमा यांच्यावर आली. या विभागाच्या त्या संस्थापक-प्रमुख. १९४४ पासून त्या कलकत्ता विद्यापीठात मानद अध्यापक म्हणूनही शिकवू लागल्या. १९४५ मध्ये त्यांचा विवाह डॉ. वरदानंद चटर्जी यांच्याशी झाला. तेही रसायनशास्त्रज्ञच, भौतिक रसायनशास्त्र हा त्यांचा विषय आणि शिवपूरच्या बेंगॉल इंजिनीअरिंग कॉलेजचे ते उपप्राचार्य होते.

१९४७ मध्ये डॉ. चटर्जी अमेरिकेला गेल्या. सोबत वर्षाचीही न झालेली मुलगी आणि तिला सांभाळणारी एक बाई. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी एल. एम. पार्क्स यांच्याबरोबर वनस्पतींमधील ग्लायकोसाइडवर काम केले. त्यानंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लास्लो झेकमाइस्टर यांच्याबरोबर कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजर वा पपईला रंग देणाऱ्या व शरीरात 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर होऊ शकणाऱ्या द्रव्यांच्या गटावर संशोधन केले. झेकमाइस्टर हे क्रोमॅटोग्राफी, अर्थात मिश्रणातील घटक वेगवेगळे करण्याच्या तंत्राचे जाणकार म्हणून ओळखले जात. १९४९-५० मध्ये त्या झुरिच विद्यापीठात पाउल कारर यांच्या प्रयोगशाळेत होत्या. कारर यांना १९३७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. अल्कलॉइड या द्रव्यगटावरील ज्या कामासाठी पुढे चटर्जी यांची ख्याती झाली, त्याला इथल्या अनुभवाने निश्चित वळण मिळाले.

१९५० मध्ये त्या मायदेशी परतल्या. १९५४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी हीच आपली कर्मभूमी मानली.

साल ते रेणू

डॉ. चटर्जी यांचे काम समजून घ्यायचे, तर त्या काळी वनस्पतीतील एखादे द्रव्य शोधून काढणे म्हणजे काय होते, हे पाहावे लागेल. प्रथम झाडाची साल, मूळ वा पाने वाळवून त्यांची पूड करायची. ती निरनिराळ्या विद्रावकांत भिजवून अर्क काढायचा. अर्कात अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. अल्कलॉइड हे अल्कधर्मी असल्याने सौम्य आम्लात विरघळतात. त्यामुळे आम्ल व अल्कली आलटून-पालटून वापरून ते उरलेल्या द्रव्यांपासून वेगळे काढता येतात. मग क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून ते एकेक करून सुटे करायचे आणि प्रत्येकाचे शुद्ध स्फटिक मिळवायचे. किलोभर सालीतून अनेकदा काही मिलिग्रॅम द्रव्य हाती येते.

खरा कस लागे तो त्यानंतर. मिळालेल्या स्फटिकांचा रेणू कसा आहे, त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचे अणू किती आणि ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे ठरवावे लागे. आज अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन आणि वस्तुमान वर्णपटमापन या तंत्रांनी हे काम काही तासांत होऊ शकते. १९४०-५०च्या दशकांत यातले काहीही भारतीय विद्यापीठांत नव्हते. रेणू रासायनिक क्रियांनी पायरी-पायरीने तोडायचा, मिळालेले तुकडे ओळखीच्या द्रव्यांशी ताडून पाहायचे आणि त्यावरून मूळ रचनेचा अंदाज बांधायचा, असा तो मार्ग होता. एका द्रव्याची रचना निश्चित करण्यात वर्षे जात.

त्यातच साधनांची चणचण. प्रयोगशाळेची उपकरणे अपुरी, रसायने व विद्रावके दुर्मिळ, अनुदान तुटपुंजे. द्रव्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरवण्यासाठी नमुने परदेशी पाठवावे लागत आणि त्याचे शुल्क भरावे लागे. अनेकदा हा खर्च डॉ. चटर्जी यांनी स्वतःच्या खिशातून केला. विद्यार्थ्यांनाही फारसे विद्यावेतन मिळत नसे. अशा स्थितीत त्यांच्या गटाने दर्जेदार शोधनिबंध सातत्याने प्रसिद्ध केले, ही बाब त्यांच्या कोणत्याही पुरस्काराइतकीच महत्त्वाची आहे.

साधनांच्या या टंचाईतूनच एक उपयुक्त पद्धतही पुढे आली. रेणूतील दुहेरी बंध नेमका कोठे आहे, हे शोधण्यासाठी ओझोनचा वापर करून तो बंध तोडण्याची रीत प्रचलित होती. डॉ. चटर्जी यांनी रेणूच्या टोकाला असलेले अथवा वलयाच्या बाहेर आलेले दुहेरी बंध ओळखण्यासाठी परआयोडिक आम्लाचा वापर रूढ केला. अत्यल्प द्रव्य हाती असतानाही ही पद्धत वापरता येत असे. ज्यांच्याकडे तोळा-मासा नमुना असतो, त्यांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते.

सर्पगंधा, सातवीण आणि बेल

डॉ. चटर्जी यांच्या संशोधनाचा सर्वांत मोठा भाग इंडोल अल्कलॉइड या गटाचा होता. या गटातील अनेक द्रव्ये मानवी शरीरावर, विशेषतः रक्ताभिसरण व मज्जासंस्थेवर परिणाम करतात. सर्पगंधा ही त्यांतील प्रमुख वनस्पती. उन्माद व रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. त्याच सुमारास सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेतून अजमलिन वेगळे केले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा निबंध ब्रिटनमधील हृदयविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले.

वैद्यकाच्या या धावपळीच्या मागे, या द्रव्यांचे रेणू नेमके कसे आहेत हे शोधणारे रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांत डॉ. चटर्जी यांचे स्थान पुढचे आहे. सर्पगंधेच्या कुळातील निरनिराळ्या जातींवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. सार्पाजिन या अल्कलॉइडच्या त्रिमितीय रचनेबाबत त्यांनी मांडणी केली. दोन रेणूंतील अणू व बंध अगदी सारखे असूनही अवकाशातील मांडणी वेगळी असेल, तर एक औषध ठरते व दुसरे निरुपयोगी. त्यामुळे त्रिमितीय रचनेचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. ऱ्हाझिया स्ट्रिक्टा या वनस्पतीतून त्यांच्या गटाने जायसोशिझिन हे द्रव्य वेगळे केले. झाडे साध्या घटकांपासून गुंतागुंतीची इंडोल अल्कलॉइड कशी तयार करतात, त्या साखळीतील हा महत्त्वाचा दुवा आहे.

सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, या वृक्षाची साल तापावर वापरण्याची परंपरा जुनी आहे. तिच्यातील अल्कलॉइडचाही त्यांनी अभ्यास केला. बेल आणि लिंबाच्या कुळातील अन्य वनस्पतींमध्ये आढळणारी कुमारिन हा त्यांच्या आस्थेचा दुसरा मोठा विषय. त्याखेरीज टर्पिनॉइड गटातील द्रव्यांवरही त्यांच्या गटाने काम केले. त्यांच्या नावावर सुमारे ४०० शोधनिबंध आहेत.

औषधे : दावे आणि वस्तुस्थिती

द्रव्याची रचना शोधून थांबावे, हे डॉ. चटर्जी यांना मान्य नव्हते. आयुर्वेदात सांगितलेल्या गुणांची आधुनिक पद्धतीने पडताळणी व्हावी आणि त्यातून सामान्यांना परवडणारी औषधे निघावीत, असा त्यांचा आग्रह होता. सुनिषण्णक (बंगालमध्ये सुषणी नावाने खाल्ली जाणारी पाणथळ जागेतील पालेभाजी) आणि जटामांसी यांपासून तयार झालेले 'आयुष-५६' हे अपस्मारावरील औषध आणि सातवीण, कुटकी, काडेचिराईत व सागरगोटा यांपासून बनलेले 'आयुष-६४' हे हिवतापावरील औषध यांच्याशी त्यांचे नाव जोडले जाते.

या औषधांकडे पाहताना तारतम्य मात्र आवश्यक आहे. 'आयुष-६४' आणि क्लोरोक्विन यांची हिवतापाच्या रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली, तेव्हा 'आयुष-६४'चा प्रभाव क्लोरोक्विनच्या मानाने बराच कमी आढळला. त्यामुळे ते हिवतापावरील प्रमाण उपचाराची जागा घेऊ शकले नाही. २०२१ मध्ये कोरोना साथीच्या काळात आयुष मंत्रालयाने सौम्य ते मध्यम लक्षणांच्या रुग्णांसाठी याच औषधाची शिफारस केली आणि हे नाव पुन्हा चर्चेत आले.

सदाफुलीच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. कर्करोगावरील व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही सदाफुलीपासून मिळणारी औषधे डॉ. चटर्जी यांनी शोधली, असे सरसकट लिहिले जाते. वस्तुतः या औषधांचा शोध १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर आणि अमेरिकेतील एलाय लिली कंपनीचे शास्त्रज्ञ यांच्या कामातून लागला. सदाफुलीच्या अल्कलॉइडच्या रसायनशास्त्रावर डॉ. चटर्जी यांनी संशोधन केले, हे खरे. पण त्यांचे श्रेय रसायनशास्त्राच्या पायाभूत कामाचे आहे आणि ते स्वतंत्रपणे पुरेसे मोठे आहे. त्याला दुसऱ्यांच्या श्रेयाची जोड देण्याची गरज नाही.

विद्यापीठातील वारसा

१९६० मध्ये त्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या (१९७० पासूनची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) फेलो झाल्या. १९६१ मध्ये त्यांना रसायनशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या, कोणत्याही शाखेतील, त्या पहिल्या महिला मानकरी. १९६२ मध्ये कलकत्ता विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या खैरा अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली आणि १९८२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, त्यांनी हे पद भूषवले. खैरा जमीनदारीच्या देणगीतून निर्माण झालेल्या अध्यासनांपैकी भौतिकशास्त्राचे अध्यासन सत्येंद्रनाथ बोस यांनी भूषवले होते, हे पाहता या पदाची प्रतिष्ठा लक्षात येते.

१९६७ हे वर्ष त्यांच्यासाठी अतिशय खडतर ठरले. काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि पती या दोघांचे निधन झाले. त्यांची स्वतःची प्रकृतीही गंभीर झाली. या काळात सत्येंद्रनाथ बोस यांच्यासह सहकाऱ्यांनी त्यांना धीर दिला आणि प्रकृती सावरताच त्या पुन्हा प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

१९७२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्रासाठी विशेष साहाय्य कार्यक्रम मंजूर केला. त्याच्या मानद समन्वयक म्हणून त्यांच्याकडे सूत्रे आली. एका व्यक्तीच्या चिकाटीवर चाललेल्या कामाला संस्थात्मक पाठबळ मिळाले, ते या टप्प्यावर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेल्यांची संख्या पन्नासहून अधिक आहे. त्यांचे विद्यार्थी देशातील अनेक विद्यापीठांत व राष्ट्रीय प्रयोगशाळांत पुढे नावारूपाला आले. त्यांची मुलगीही रसायनशास्त्राचीच प्राध्यापक झाली.

धोरणाच्या व्यासपीठावर

१९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या ६२व्या अधिवेशनाच्या सर्वसाधारण अध्यक्षा डॉ. चटर्जी होत्या. १९१४ मध्ये पहिले अधिवेशन झाल्यापासून हा मान प्रथमच महिला शास्त्रज्ञाला मिळाला. देशातील विज्ञान व तंत्रज्ञानाची दिशा काय असावी, याविषयी पंतप्रधानांच्या उपस्थितीत बोलण्याचे हे व्यासपीठ. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले.

फेब्रुवारी १९८२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी राज्यघटनेने राज्यसभेत १२ जागा ठेवल्या आहेत. मे १९९० पर्यंत त्या सदस्य होत्या. त्याच सुमारास भारताचे विज्ञानविषयक धोरण नवे वळण घेत होते. १९५८च्या विज्ञान धोरण ठरावाने मूलभूत विज्ञानाला राजाश्रय दिला होता. जानेवारी १९८३ मध्ये तंत्रज्ञान धोरण जाहीर झाले व स्वावलंबनावर आणि देशी साधनसंपत्तीच्या वापरावर भर आला. वनौषधी ही अशीच देशी संपत्ती आहे आणि तिचा उपयोग श्रद्धेने वा केवळ परंपरेने नव्हे, तर शास्त्रीय कसोट्या लावून व्हावा, हे सूत्र डॉ. चटर्जी अनेक वर्षे मांडत आल्या होत्या.

हे सूत्र कागदावर राहू नये, म्हणून त्यांनी एका संस्थेचा ध्यास घेतला. वनस्पतीची ओळख, रासायनिक विश्लेषण आणि रुग्णांवरील उपचार हे सारे एकाच छताखाली व्हावे, अशी ही कल्पना होती. केंद्र व राज्य सरकारच्या साहाय्याने कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात आयुर्वेदीय संशोधन संस्था व रुग्णालय उभे राहिले, त्यामागे त्यांचा दीर्घ पाठपुरावा होता.

ग्रंथ आणि मातृभाषा

डॉ. चटर्जी यांच्या लेखनात बंगालीला मोठे स्थान आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली होती. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून महाराष्ट्रात जे कार्य केले, त्याच स्वरूपाचे हे बंगालमधील काम. बोस यांच्या विनंतीवरून डॉ. चटर्जी यांनी माध्यमिक शाळांतील मुलांसाठी 'सरल माध्यमिक रसायन' हे बंगाली पुस्तक लिहिले. कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या 'भारतेर वनौषधि' या बहुखंडी ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीचे संपादनही त्यांनी केले.

त्यांच्या उतारवयातील सर्वांत मोठे काम म्हणजे भारतीय औषधी वनस्पतींवरील सहा खंडांचा इंग्रजी ग्रंथ. त्यांचे विद्यार्थी व नामवंत रसायनशास्त्रज्ञ डॉ. सत्येशचंद्र पाकडाशी यांच्यासह त्यांनी तो सिद्ध केला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याचे खंड १९९१ ते २००१ या काळात प्रसिद्ध केले. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रादेशिक भाषांतील नावे, पारंपरिक उपयोग, तिच्यातील रासायनिक घटक आणि त्यांच्यावर झालेले संशोधन अशी माहिती त्यात एकत्र मिळते. शेवटचा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

वाट किती रुंदावली?

डॉ. चटर्जी यांनी उघडलेल्या दारातून पुढे किती जणी गेल्या, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. १९६१ नंतर दुसऱ्या महिलेला, वनस्पतिशास्त्रज्ञ अर्चना शर्मा यांना, भटनागर पुरस्कार मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा मानही दुसऱ्यांदा महिलेकडे आला, तो १९८७ मध्ये, पुन्हा अर्चना शर्मा यांच्याकडेच. रसायनशास्त्र शाखेपुरते पाहिले, तर अंतर आणखी मोठे आहे. असिमा चटर्जी यांच्यानंतर या शाखेत भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या दुसऱ्या महिला चारुसीता चक्रवर्ती. त्यांना तो २००९ मध्ये मिळाला. म्हणजे मध्ये ४८ वर्षे गेली. या काळात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलींची संख्या सातत्याने वाढत होती, अनेक महाविद्यालयांत त्या मुलांच्या बरोबरीला आल्या होत्या. पदव्युत्तर वर्गातील ही संख्या प्राध्यापकपदांपर्यंत, प्रयोगशाळांच्या नेतृत्वापर्यंत आणि राष्ट्रीय सन्मानांपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर विज्ञान धोरण आखणाऱ्यांना द्यावे लागेल.

दुसरा प्रश्न त्यांच्या विषयाचा आहे. वनौषधींच्या नावाने बाजारात होणारी उलाढाल गेल्या काही दशकांत प्रचंड वाढली. मात्र बाटलीवर लिहिलेले द्रव्य आत किती आहे, ते शुद्ध आहे का आणि त्याचा गुण चाचणीत सिद्ध झाला आहे का, हे विचारणारे थोडे. डॉ. चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत सालीच्या किलोभर पुडीपासून काही मिलिग्रॅम स्फटिकांपर्यंतचा जो प्रवास चालत असे, तो नेमका याच प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी होता. २३ सप्टेंबर २०१७ रोजी, त्यांच्या शंभराव्या जयंतीदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकावले, तेव्हा अनेक तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकले.

जीवनपट

१९१७ : २३ सप्टेंबर रोजी कोलकाता येथे जन्म
१९३६ : स्कॉटिश चर्च कॉलेजमधून रसायनशास्त्राची पदवी
१९३८ : कलकत्ता विद्यापीठातून एम.एस्सी.
१९४० : लेडी ब्रेबोर्न कॉलेजमध्ये रसायनशास्त्र विभागाच्या संस्थापक-प्रमुख
१९४४ : कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी.
१९४७-५० : अमेरिका व स्वित्झर्लंड येथे संशोधन
१९५४ : कलकत्ता विद्यापीठात प्रपाठक
१९६१ : शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार
१९६२-८२ : खैरा अध्यासनाच्या प्राध्यापक
१९७५ : इंडियन सायन्स काँग्रेसच्या सर्वसाधारण अध्यक्षा, पद्मभूषण
१९८२-९० : राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य
१९९१-२००१ : औषधी वनस्पतींवरील सहा खंडांचे प्रकाशन
२००६ : २२ नोव्हेंबर रोजी कोलकाता येथे निधन